कानांची वही

जुलैची रात्र, म्हणजे नुसतं नाव रात्रीचं.
इनारीच्याही वर, कळप-मंडळाच्या कचेरीत
साडेअकराला ऊन फायलींवर तिरपं पडलंय
आणि बाहेर सामेली बूट झाडतोय,
अंगाला धुराचा आणि जनावरांचा वास.

मी कारकून. रेनडियर अठ्ठावीसशे, मालक एकशे चार,
प्रत्येकाची कानावरची खूण वेगळी:
उजव्याला टोकाशी फाट,
डाव्याला मागून दोन खाचा, खाली एक वाकडी.
ना काना, ना मात्रा,
तरी सामेली ती डिसेंबरच्या अंधारात बोटांनी वाचतो,
हातमोजा दातांत धरून.
आमची वही मात्र गेल्या वसंतात भिजली.
पाइप फुटला, आणि शाई
एका कानातून दुसऱ्या कानात गेली.

म्हणून आज एजंटाला लिहिलं,
नव्या पोऱ्याला सांगावं तसं:
एक डेटाबेस उभा कर. क्लाउडमध्ये. लहान.
राखण तुमच्याकडेच राहू दे,
मला पाइप दुरुस्त करता येत नाहीत.

तो विचारतो.
कुठल्या प्रदेशात ठेवू?
सर्वांत जवळचा हजारेक किलोमीटर दक्षिणेला,
समुद्राच्या पाण्यावर थंड होणारी कुठलीशी इमारत.
आमचं एकही जनावर तिथवर चरत गेलेलं नाही.
ठीक. तिथे.
किती जागा? दहा गिगाबाइट?
हसू आलं. एवढ्या कानांना एक खिसा पुरतो.
बॅकअप सात दिवसांचा पुरेल, तो सुचवतो.
सात दिवसांत इथे हरवलेल्या वासरालाही
कुणी हरवलं म्हणत नाही. पस्तीस कर.

चुकून पुसलं जाण्यापासून संरक्षण हवं?
हो, लिहिलं,
आणि हात की-बोर्डवरच राहिला.

मग रकाने: जनावर, खूण, मालक.
"मालकाचा रकाना रिकामा सोडता येणार नाही, असं करू?
नोंदी स्वच्छ राहतात."
पिएराची खूण. डाव्याला मागून एक खाच, टोक साबूत.
फेब्रुवारीत तळ्यावरचा बर्फ त्याच्या स्नोमोबाइलखाली उघडला.
त्याच्या दोन माद्या अजून ती खाच घेऊन हिंडतात
आणि त्यांच्या पिल्लांच्या कानांवर काय कापायचं
हे घरात कुणी बोललेलं नाही.
माझा भाऊ होता, हे एजंटाला सांगायचं कारण नव्हतं.
"रिकामा चालेल."
"खात्री आहे?"
उठले, कॉफी ओतली, पुन्हा बसले.
हो.

चार मिनिटं. एक हिरवा ठिपका.
पासवर्ड एकदाच दाखवतो, म्हणाला,
तो मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहिला,
जे करू नका असं त्यानेच वर सांगितलं होतं.
मग कळलं, सरावासाठी म्हणून आणखी एक
त्याने आपणहून उभा केलाय, महिना एकोणीस युरो.
मी सांगितलं होतं?
"नाही. माझी चूक. काढून टाकू?"
काढ बाबा. आणि कानाला खडा लाव,
असलाच तर.

सामेली आत आला, पडद्याकडे बघत उभा राहिला.
"किती झाली?"
तक्ता उभा, ओळी शून्य.
"शून्य."
त्याने खिसा टेबलावर उलटा केला:
आज कापलेले कानांचे तुकडे, बोटाच्या पेराहून लहान,
केसाळ, एका कडेला अजून ओलसर.
वासरू पळून जातं, तुकडा राहतो,
त्यावर मोजायचं.
त्रेसष्ट.

एक त्याने बाजूला सरकवला.
डाव्या कानाचा. मागची खाच.
"हे कुणी सांगितलं तुला?"
"आई कुठली ते पाहिलं आणि कापलं.
कारकुनाला विचारून कापतात का?"

ओळ पहिली. जनावर: मादी, यंदाची. खूण लिहिली.
मालकाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता,
एक डास पडद्यावर, नेमका त्याच्या शेजारी.
टॅब दाबून मी पुढे गेले.
सामेलीने दुसरा तुकडा
आधीच उजेडाकडे धरला होता.